मदत हवी आहे: पीसी मध्येच रीस्टार्ट होतोय, दोष मदरबोर्डचा की प्रोसेसरचा?

बी४५० चिपसेटचा बोर्ड, रायझन ५ ३६००, ८ जीबीच्या दोन रॅम, ५५० वॅटचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय). ब्लू स्क्रीन न येता पीसी थेट रीस्टार्ट होतो. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये फक्त कर्नल-पॉवर ४१, बगचेक कोड ० (म्हणजे पीसी अचानक बंद पडला एवढीच नोंद, कारण नाही). गंमत म्हणजे प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारं प्राइम९५ तासभर चालवला तरी ढिम्म. ब्राउझर, यूट्यूब अशा हलक्या वापरात मात्र कधीही जातो.

एसएमपीएस आणि ग्राफिक्स कार्ड बदलून पाहिलं, यूपीएस वगळला, एक्सएमपी (रॅमचं जादा वेगाचं प्रोफाइल) बंद केलं, रॅम एकेक लावून तपासली, मेमटेस्ट स्वच्छ. रीसेट स्विचची वायर पिनवरून काढली. बोर्ड कॅबिनेटबाहेर पुठ्ठ्यावर ठेवूनही तेच, लाइव्ह उबुंटूवरही तेच. म्हणजे विंडोज सुटलं. तापमान ७० अंशांच्या आत. ८ पिनच्या सीपीयू कनेक्टरवर लोडखाली ११.९ व्होल्ट. बायोस अपडेट करून पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल ‘टिपिकल करंट आयडल’वर (हलक्या वापरात प्रोसेसरची वीज फार खाली जाऊ न देणारं सेटिंग) ठेवल्यावर प्रमाण घटलं, थांबलं नाही. बोर्डवरचे कपॅसिटर सॉलिड प्रकारचे आहेत, त्यामुळे नुसतं बघून काही कळत नाही.

या बोर्डात बसणारा दुसरा (एएम४ सॉकेटचा) प्रोसेसर किंवा ऑसिलोस्कोप मिळण्यासारखा नाही, मल्टिमीटर आहे. त्याच्या मिन-मॅक्स मोडने (सर्वात कमी-जास्त रीडिंग धरून ठेवणारा) व्हीआरएमच्या, म्हणजे बोर्डवरच्या प्रोसेसरला वीज देणाऱ्या सर्किटच्या, चोकवर (कॉइलवर) व्हीकोअर (प्रोसेसरचा व्होल्टेज) मोजून बोर्ड की प्रोसेसर हे ठरवता येईल का, की इतका क्षणिक ड्रॉप त्यात पकडलाच जात नाही?