वाचनकक्षाचा उजेड, संग्रहालयाचा उजेड

सॅन फ्रान्सिस्कोच्या जुन्या सार्वजनिक ग्रंथालयाचे एशियन आर्ट म्युझियम करताना केवळ दर्शनी भाग राखला आणि आतले सारे मोडून टाकले, हे या चर्चेत मांडले गेलेले मत मला पूर्णपणे पटत नाही. वास्तुकार जॉर्ज केल्हम यांनी १९१७ साली उभारलेल्या त्या इमारतीतील भव्य जिना आणि त्याच्या माथ्यावरचे दालन इटालियन वास्तुकार गे औलेंती यांनी २००३ च्या रूपांतरात जपले. मात्र संग्रह पाहण्याची सुरुवात तिसऱ्या मजल्यावरून होत असल्याने पाहुणा तिथे बहुधा सरकत्या जिन्याने पोहोचतो, त्या भव्य जिन्याने नव्हे. चित्रकार पियात्सोनी यांची भित्तिचित्रे त्या इमारतीतून हलवावी लागली, ही हानी मात्र मीही मान्य करतो.

या चर्चेत उजेडाचा मुद्दा अद्याप आलेला नाही. ग्रंथालयाची वास्तू वाचकाला दिवसाचा प्रकाश मिळावा म्हणून उंच खिडक्यांची बांधतात, तर संग्रहालयात कागद आणि वस्त्रे यांवर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स हे प्रकाश मोजण्याचे एकक) अधिक प्रकाश पडू नये, असा संकेत आहे. म्हणजे रूपांतर करणाऱ्याला मूळ इमारतीच्या सर्वांत मोठ्या गुणालाच आवर घालावा लागतो. नागपुरात महाल भागातल्या एका जुन्या वाचनालयात मी काही वर्षे पुस्तके लावण्याचे काम केले आहे. पश्चिमेच्या खिडकीसमोरच्या कपाटातील तांबड्या कापडी बांधणीचे कणे दोन उन्हाळ्यांत फिकट गुलाबी झाले होते, आणि त्याच कपाटाच्या आडोशाला ठेवलेले खंड जसेच्या तसे तांबडे होते. तेव्हापासून अशा इमारतीत गेलो की मी आधी खिडक्यांचे काय केले आहे तेच पाहतो.