पौर्णिमेपेक्षा अष्टमीचा चंद्र घ्या
पौर्णिमेचा चंद्र फोटोत नुसती पांढरी चकती का दिसतो, या प्रश्नाबद्दल. ऑटो मोडमधला कॅमेरा काळं आकाश पाहून एक्स्पोजर (फोटोत येणारा उजेड) वाढवतो, त्यात चंद्र पांढराफटक होतो. मॅन्युअलवर अ‍ॅपर्चर (भिंगाचं छिद्र) एफ/११, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, शटर १/१०० सेकंद इथून सुरुवात करा. इतका कमी उजेड पुरतो, कारण चंद्रावर थेट ऊनच पडलेलं असतं. शिवाय पौर्णिमेला उजेड समोरून पडतो, सावल्याच नसतात. शुद्ध अष्टमीच्या आसपास उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांच्या कडा इतक्या सुंदर उठून दिसतात की बघत राहावं! (टायको या विवरापासून पसरलेले उजळ पट्टे, म्हणजे त्याचे ‘किरण’, मात्र पौर्णिमेलाच खुलतात.)

गुरू ग्रहासाठी सुटे फोटो नकोत, दुर्बिणीतून व्हिडिओ घ्या आणि ऑटोस्टॅकर्ट या सॉफ्टवेअरमध्ये त्यातल्या चांगल्या फ्रेम एकत्र करा. गुरू १० तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो, म्हणून व्हिडिओ दोनेक मिनिटांचाच ठेवा, नाहीतर त्याच्यावरच्या पट्ट्यांमधले बारकावे पुसट होतात.