मदत हवी आहे: नाट्यमंडळाच्या साइटवरच्या तारखा अंध प्रेक्षकाचा मोबाइल वाचत नाही

वैनगंगाकाठ
वडस्याच्या (जि. गडचिरोली) एका झाडीपट्टी नाट्यमंडळाची साइट सांभाळतो. दिवाळीनंतरच्या प्रयोगांच्या तारखा टाकल्या, तर एका अंध प्रेक्षकाचा निरोप आला, मोबाइल काहीच वाचत नाही, नुसता बडबडते म्हणे. माझ्या फोनवर तर सगळं बरोबर दिसून राहिलं. टाकलं की काम झालं असं एखादं प्लगिन सांगा. बुकिंग सुरू व्हायचं आहे, लवकर सांगा भाऊ.

कळफलक
काहीच न वाचणं आणि बडबडणं या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. तारखा मजकुरात आहेत की पोस्टरच्या चित्रात? फॉन्ट कोणता? साइट कशात बनवली? पडद्यावरचं वाचून दाखवायला त्यांच्याकडे फोनवरचं टॉकबॅक आहे की संगणकावरचं एनव्हीडीए?

झटपट_वेब
एवढी चौकशी कशाला? ॲक्सेसिबिलिटीचं विजेट टाका. कोपऱ्यात चाकाच्या खुर्चीचं चिन्ह येतं, त्यातून अक्षर मोठं होतं, रंग उलटे होतात. पाच मिनिटांचं काम.

हेडफोनवाली
अंध माणूस अक्षर मोठं करून काय करणार? वाचून दाखवणारं ॲप त्याच्या फोनमध्ये आधीच आहे. विजेट चित्रातल्या तारखा वाचत नाही, वर पानात चार जास्तीची बटणं घुसवतं. अशाच एका विजेट कंपनीच्या खोट्या दाव्यांवरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2025 मध्ये 10 लाख डॉलर भरायला लावले आहेत.

झटपट_वेब
अमेरिकेचं कशाला सांगता? इथे कमी दिसणाऱ्यांना उपयोग होतोच.

हेडफोनवाली
त्यांना ब्राउझरमध्ये दोन बोटांनी मोठं करता येतं. थीमच्या व्ह्यूपोर्ट टॅगमध्ये "युजर-स्केलेबल नो" असेल तर मोठं करणं अडतं, तेवढं काढा.

वैनगंगाकाठ
वर्डप्रेस आहे. पोस्टर जेपीजी, व्हॉट्सॲपवर येते तेच. त्याखाली गावांची यादी डीटीपीवाल्यानं कृतीदेवमध्ये दिली होती. फॉन्ट साइटवर चढवला, म्हणून सगळ्यांना नीट दिसते. त्याचा काय संबंध?

कळफलक
सगळा संबंध तिथेच आहे. पोस्टर वाचलं जात नाही आणि यादी बडबडते. कृतीदेव म्हणजे इंग्रजी अक्षरांवर चढवलेला मराठी मुखवटा. पडद्यावर "नाटक" दिसतं, पण आत यू, के, व्ही, डी अशी अक्षरं असतात आणि टॉकबॅक तीच वाचतो. गूगललाही गावाचं नाव सापडणार नाही.
आधी यादी कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये, म्हणजे खऱ्या मराठी अक्षरांत, आणा. मग डोळ्यांनी तपासा: ऱ्हस्व वेलांटी पुढच्या अक्षरावर सरकते, रफार घसरतो, ळ गळतो, "तिसऱ्या"चं "तिसर्या" होतं. चढवलेला फॉन्ट थीममधून काढून टाका, नाहीतर पुढच्या महिन्यात कुणीतरी पुन्हा त्यातच टाइप करेल.
दुसरं, सेटिंग्ज, जनरल, साइटची भाषा मराठी करा. त्याने पानाच्या कोडमध्ये मराठीची खूण "एमआर" लागते. ती इंग्रजीची राहिली तर एनव्हीडीए मराठी मजकूर इंग्रजी आवाजात वाचायला जाऊ शकतो. ॲडमिन इंग्रजीतच हवं असेल तर स्वतःच्या प्रोफाइलमध्ये भाषा वेगळी ठेवता येते.
पोस्टरच्या पर्यायी मजकुरात (चित्राऐवजी जो वाचला जातो) नाटकाचं नाव आणि "पोस्टर" एवढंच पुरे. तारीख, गाव, वेळ, तिकीट खाली टेबलात. टेबल ब्लॉकमध्ये "हेडर सेक्शन" चालू करा, म्हणजे प्रत्येक रकान्याचं नाव ऐकू येतं. आणि 12/1 असं नको, "12 जानेवारी, रात्री 10" असं लिहा.

तिसरी_घंटा
झाडीपट्टीचं नाटक पाहाले साइट कोण उघडते जी? गावात भोंगा फिरला का लोक बैलगाडी जुंपून येत. आता तर नाटकापेक्षा लायटिंगच जास्त.

हेडफोनवाली
भोंगा कर्णबधिराला ऐकू येतो का?
बरं झालं, आठवलं. चौकशीला नुसता फोन नंबर असेल तर व्हॉट्सॲपचीही लिंक द्या.

मोजपट्टी
रॅम्पचा उतार 1:12 ठेवा. 45 सेंमी उंचीला 5.4 मीटर लांबी लागते. दोन्ही बाजूंना कठडा हवा.

झटपट_वेब
रॅम्प कुणी विचारला? धागा साइटचा आहे.

मोजपट्टी
रॅम्प नाही, पण त्याची माहिती साइटवरच लागते. नाट्यगृह असतं तर एकदा लिहून भागलं असतं. इथे मंडप रोज नव्या गावात, म्हणून टेबलात प्रत्येक प्रयोगासमोर एक रकाना द्या: गाडी कुठपर्यंत जाते, प्रवेशावर पायरी किती, बैठक जमिनीवर की खुर्ची, शौचालय किती लांब. "दिव्यांगांसाठी सोय आहे" या वाक्यावरून काहीच ठरवता येत नाही. "प्रवेशावर 1 पायरी, 15 सेंमी, खुर्च्या मागच्या सपाट भागात" असं लिहा. माहिती आयोजकांकडून तारीख पक्की करतानाच घ्या, नंतर कोणी फोन उचलत नाही.

कायदेपंडित
दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016, कलम 46 पाहा. सुलभतेचे नियम खासगी सेवा देणाऱ्यांनाही लागू आहेत.

रंगपेटी
साइट पोस्टरच्याच रंगात असणार. शुद्ध पिवळ्यावर भडक लाल म्हणजे कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि मागच्या रंगाच्या उजेडाचं गुणोत्तर) जेमतेम 3.7. मोठ्या शीर्षकाला 3 चालतो, बारीक अक्षराला 4.5 लागतो. लाल गर्द करा (आरजीबी 139, 0, 0), 9 च्या वर जातो, पोस्टरचा तोराही राहतो.

वैनगंगाकाठ
यादी युनिकोडमध्ये केली, गावांची नावं वाचते आता. पण तिकिटाच्या बटणावर नुसतं "बटण, लेबल नाही" असं काहीतरी म्हणते. अन् सीटच्या नकाशात तर नुसते आकडेच.

कळफलक
बटणात फक्त चित्र असणार. सरळ "तिकीट घ्या" लिहा. नकाशात लाल-हिरव्यावर भागवू नका, प्रत्येक सीटच्या नावात "रांग 3, खुर्ची 8, विकली" असं आलं पाहिजे. प्लगिनमध्ये ती सोय नसेल तर खाली साधी यादी द्या: दर निवडा, संख्या निवडा. सीट अडवून ठेवायचं घड्याळ असेल तर मुदत वाढवायची सोय द्या, ऐकत-ऐकत फॉर्म भरायला वेळ लागतो.

हेडफोनवाली
कॅप्चा आहे का? वाकडी अक्षरं ओळखा वगैरे?

वैनगंगाकाठ
आहे. काढला तर खोट्या बुकिंगचा पाऊस पडते, मंडळवाले मलेच धरतील.

हेडफोनवाली
त्याऐवजी फॉर्ममध्ये एक लपवलेला रकाना ठेवा. बॉट, म्हणजे आपोआप फॉर्म भरणारा प्रोग्राम, तो भरतो, माणूस नाही. भरला असेल तर बुकिंग नाकारा. मात्र सीएसएसमध्ये "डिस्प्ले नन" करूनच लपवा. पडद्याबाहेर सरकवला तर टॉकबॅकला तो सापडतो आणि अंध माणूस प्रामाणिकपणे भरून टाकतो.