मदत हवी आहे: करवल्यांसाठी हातकागदाची कार्डं आणि खणाचे बटवे

नमस्कार मंडळी, मार्गशीर्षात धाकट्या नणंदेचं लग्न आहे. करवल्या आणि धावपळ करणारी भावंडं मिळून वीसेक जण. प्रत्येकाला हातानं केलेलं कार्ड आणि खणाचा बटवा द्यायचा बेत आहे.

कागद पुण्यातल्या शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतला. संस्था १९४० ची, कागद सुती चिंध्यांच्या लगद्याचा, पोत सुरेखच. पण बोरूनं नाव लिहिलं की वेलांटीपाशी शाई फुटते. आधी पातळ खळीचा हात द्यावा, की सरळ ॲक्रिलिक रंगानं लिहावं? घडीसाठी बोथट सुरीनं रेघ ओढून घेते, तेवढं जमतंय.

खणाचे दसे फार निघतात. अस्तराला वेळ नाही. नागमोडी कात्री पुरेल का, की इंटरलॉक करूनच घेऊ? पेठांमध्ये कुणी झटपट करून देतं का?

बटव्यात अत्तराची कुपी आणि काजूकतली ठेवणार होते. सासूबाई म्हणाल्या, कुपी पाझरली तर काजूकतलीला हीनाचा वास! खरंय त्यांचं. मग कुपीऐवजी काय? कीचेन सुचवू नका, प्लीज. तुळशीबाग, बोहरी आळी पालथी घालायची तयारी आहे.