चर्चा: अमेरिकेतल्या छोट्या गावांनी वाहतूक दंडावर घर चालवावं का?

मैलाचा_दगड:
अलाबामातलं ब्रुकसाइड, वस्ती जेमतेम १,२५०. २०१८ ते २०२० या काळात दंड आणि जप्तीची कमाई ६४० टक्क्यांनी वाढली, आणि गावाचं जवळपास निम्मं उत्पन्न त्यातूनच येऊ लागलं. बेशिस्त चालक वाढले नव्हते, पोलिस वाढले होते. फ्लोरिडातल्या हॅम्प्टननं तर यूएस-३०१ महामार्गाचा १,२६० फुटांचा पट्टा हद्दीत जोडून घेतला आणि तिथे रडार लावून पावत्या फाडल्या. ही सरळ वसुली आहे.

साधा_हिशेब:
मला नाही पटत. पाटी ताशी ४५ मैलांची आणि गाडी ६०ला, तर चूक कोणाची? कित्येक गावांत महामार्ग मधूनच जातो, शाळेतली मुलं तोच रस्ता ओलांडतात. वेगानं जाणारे बाहेरचे, मग गस्तीचा खर्च गावकऱ्यांच्या मालमत्ता करातून का? शिवाय कायद्याचा चाप आहेच. टेक्सासात ५,०००हून कमी वस्तीच्या गावाला असा दंड आधीच्या वर्षीच्या उत्पन्नाच्या ३० टक्क्यांपर्यंतच ठेवता येतो, त्यावरचा जवळजवळ सगळा राज्याकडे जातो. जॉर्जियात रडारवाली पोलिस गाडी चालकाला ५०० फुटांवरून दिसावी लागते.

मैलाचा_दगड:
चाप मिसूरी राज्यातही १९९५पासून होता, तरी तिथल्या फर्ग्युसन शहरात दंडवसुलीचा कहर झालाच. अमेरिकी न्याय खात्याचा मार्च २०१५चा अहवाल वाचा. शहराच्या वित्त प्रमुखानं २०१०मध्ये पोलिस प्रमुखाला लिहिलं होतं की पावत्या वाढल्या नाहीत तर पुढच्या वर्षी वसुली वाढवणं कठीण जाईल. वेग, शाळा, अपघात, कशाचाही उल्लेख नाही! आणि पावती ही फक्त सुरुवात असते. तारखेला हजर नाही म्हणून वॉरंट, त्यावर वेगळा आकार, हप्ता चुकला की पुन्हा तेच. त्याच अहवालातल्या एका बाईला २००७मध्ये चुकीच्या पार्किंगच्या दोन पावत्या मिळाल्या, १५१ डॉलर अधिक शुल्क. २०१४ संपताना तिनं ५५० डॉलर भरले होते, सहा दिवस कोठडीत काढले होते, आणि ५४१ डॉलर बाकीच होते.

साधा_हिशेब:
हे भयंकरच आहे, पण हा दोष कोर्टाचा. रडार बंद करून तो जाणार नाही. ज्याची ऐपतच नाही त्याला दंड थकला म्हणून तुरुंगात टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८३मध्येच बेअर्डन खटल्यात सांगितलंय. ते पाळायला लावा.

कोर्टकारकून:
दोघंही टक्केवारी आणि शिक्षेत अडकलात. मुद्दा पैसा कुठे जातो हा आहे. १९२७च्या टुमी खटल्यात ओहायोतला महापौरच न्यायाधीश होता आणि दोषी ठरवलं तरच त्याला मानधन मिळे. सर्वोच्च न्यायालयानं ते मोडीत काढलं. १९७२मध्ये मनरोव्हिल प्रकरणात आणखी एक पायरी: पैसा महापौराच्या खिशात नाही, पण गावाच्या तिजोरीत मोठा वाटा जातो, तरीही तो निःपक्ष नाही. हाच नियम गस्तीला लावा. नॉर्थ कॅरोलिनात राज्यघटनेनुसार दंडाची निव्वळ रक्कम सरकारी शाळांना जाते.

साधा_हिशेब:
मग गाव गस्तच घालणार नाही.

कोर्टकारकून:
गरज असेल तर घालेल, अग्निशमनाचा खर्च करतं तसाच. खरी पळवाट दुसरीच आहे: दंड नाममात्र ठेवून कोर्टखर्च फुगवायचा. नॉर्थ कॅरोलिनातही साध्या वेगाच्या पावतीवर कोर्टखर्च दंडाहून मोठा होतो. तेव्हा दंड आणि शुल्क, दोन्ही गावाच्या अंदाजपत्रकाबाहेर जायला हवेत. एकच काढलं तर वसुली दुसऱ्या रकान्यात सरकेल.