मदत हवी आहे: स्पिन सुरू झालं की वॉशिंग मशीन जागा सोडून चालायला लागतं

वाळवण
फ्रंट लोड, ७ किलोचं, ६ वर्षं जुनं. धुताना काही तक्रार नाही. पाणी घेतं, फिरतं, पाणी सोडतं, सगळं शहाण्यासारखं. शेवटचं स्पिन लागलं की मात्र अंगात आल्यासारखं करतं. आधी धडधड, मग दाणदाण, आणि मग चक्क चालायलाच लागतं. काल कपडे काढायला गेले तर भिंतीपासून वीतभर पुढे आलेलं, आणि मागची पाण्याची नळी ताणून तारेसारखी झालेली. खालच्या मजल्यावरचे एकदा वर येऊन "काही पडलं का?" असं विचारून गेलेत.

आतापर्यंतचे माझे उद्योग: पायांखाली रबरी पॅड घातले. कपडे निम्मे केले. पाणसळ आणून वर ठेवली, बुडबुडा बरोबर मधे आहे. फरक शून्य. मेकॅनिक आला, दोन मिनिटं उभा राहिला, ड्रम हाताने एकदा फिरवला आणि म्हणाला, बेअरिंग गेलंय, सगळं उघडावं लागेल. त्याने सांगितलेल्या पैशात अर्धं नवीन मशीन येईल. हो म्हणू का?

निवांत
६ वर्षं झाली ना? नवीन घ्या. सुटाल.

दुपारझोप
पाणसळ वरचा पत्रा सपाट आहे एवढंच सांगते. चारही पाय जमिनीला टेकलेत की नाही हे तिला कळत नाही. एक पाय आखूड असलेलं स्टूल आठवा, तसंच. ते पॅड काढा, मशीन रिकामं ठेवा आणि समोरासमोरचे तिरके कोपरे आळीपाळीने दाबून बघा. डुगडुगलं तर जो पाय उचलला जातोय तो फिरवून खाली आणा, आणि वरचा चेकनट पान्याने मशीनच्या बुडाशी घट्ट आवळा. हा नट सैल राहिला तर पाय चार धुण्यांत पुन्हा आत जातो. माझं सगळं दुखणं त्या एका नटाचं होतं.

सुतळी
धुताय काय यावरही आहे. आमच्याकडे जाड पायपुसणं एकटं टाकलं की हाच तमाशा. ते पाणी पिऊन ड्रमच्या एका अंगाला चिकटतं आणि दुसऱ्या बाजूला तोलायला काहीच नसतं. सोबत दोन-तीन टॉवेल टाकले की गप्प. म्हणून कपडे निम्मे करणं हा काही उपाय नव्हे, कधी कधी उलटंच होतं. आणि रेनकोट किंवा गादीचं वॉटरप्रूफ कव्हर स्पिनला कधीच लावू नका. त्यात पाणी पिशवीसारखं साठतं आणि एकदम सुटतं.

खिळेमोळे
वाळवणताई, ड्रम उघडायला आत्ताच हो म्हणू नका. बेअरिंग गेलं की पहिली तक्रार आवाजाची असते. स्पिनचा वेग वाढेल तसा विमान उडाल्यासारखा घरघराट वाढत जातो. चालायला लागणं हे सहसा दुसरंच दुखणं असतं.

थोडं आतलं सांगतो. बाहेरची टाकी, तिच्यातला ड्रम आणि त्यावर बसवलेले काँक्रीटचे ठोकळे, हे सगळं वर दोन स्प्रिंगांना लटकलेलं असतं. खाली दोन (काहींत तीन-चार) शॉकअप त्याला धरून ठेवतात. स्प्रिंग वजन पेलते, शॉकअप हेलकावे जिरवतो.

आता जोर किती लागतो बघा. ड्रमचा घेर मध्यापासून २५ सेंटीमीटरवर धरा आणि वेग मिनिटाला १२०० फेरे. तेवढ्यात एका बाजूला नुसतं १०० ग्रॅम वजन जास्त असेल तर ते सुमारे ४० किलोच्या जोराने बाहेर ओढतं, आणि ती ओढ सेकंदाला २० वेळा दिशा फिरवते. वेग निम्मा केला तर जोर पाव होतो. म्हणून तपास होईपर्यंत स्पिन ६०० वर ठेवा.

मशीन बंद करून, प्लग काढून दोन गोष्टी करा. एक: दार उघडून आतल्या स्टीलच्या ड्रमची वरची कड धरून वर उचला. नुसता ड्रम हलला आणि बाहेरची टाकी जागेवर राहिली तर बेअरिंग खेळतंय. दोन्ही एकत्र हलले तर ते लटकलेलंच आहे, हलणारच. हाताने फिरवताना खरखर लागते का तेही बघा. दोन: ड्रम हाताने जोरात खाली दाबून सोडा. वर येऊन जागच्या जागी थांबायला हवा. पाळण्यासारखा झुलत राहिला तर शॉकअप मेले.

आणि एक सांगा, हे अचानक सुरू झालं की हळूहळू? मधे मशीन हलवलं होतं का?

वाळवण
सगळं केलं. दुपारझोप, मागचा डावा पाय अधांतरी होता, नट नुसता लोंबत होता! आवळला. डुगडुग गेली, पण स्पिनला अजूनही पुढे सरकतं, आता वीतभर नाही, चार बोटं.

काका, ड्रम आणि टाकी एकत्रच हलतात, खरखर नाही. दाबून सोडलं तर मात्र चार वेळा वर-खाली झुललं, आणि उजवीकडे जास्त. आणि हो, महिन्यापूर्वी घर बदललं. हमालांनी जिना अरुंद म्हणून आडवं करून नेलं. त्यानंतरच सुरू झालं, पण मी दोन्हींचा संबंध लावला नव्हता.

खिळेमोळे
नेताना मागचे बोल्ट लावले होते का? मशीन नवीन येतं तेव्हा ड्रम जखडून ठेवायला मागून तीन-चार लांब बोल्ट असतात. चालू करायच्या आधी ते काढायचे आणि जपून ठेवायचे.

वाळवण
ते कधीच भंगारात गेले.

खिळेमोळे
मग झालं. न जखडता आडवं केलं की टाकी आणि ठोकळ्यांचं सगळं वजन एका अंगाला येतं. उजवा शॉकअप निसटला किंवा त्याची पिन तुटली असणार. नळ बंद करा, खालचा फिल्टर उघडून उरलेलं पाणी काढा, नाहीतर वाकवताना ते नको तिथे जाईल. मग दोघांनी मशीन मागे भिंतीला टेकवून पुढच्या बाजूने लाकडाचा टेकू द्या. ६०-७० किलो वजन असतं, एकट्याने नको. टेकूशिवाय हात घालू नका. बहुतेक मशीनना बूड नसतं, टॉर्च मारला की दिसतं. तुमचं खालून बंद असेल तर मागचा पत्रा काढा.

उंबरठा
धाग्यात घुसतोय, माझं टॉप लोड आहे. तेच सगळं तपासायचं का?

खिळेमोळे
पाय आणि कपडे तेच. आत मात्र शॉकअप नसतात, टब चार कोपऱ्यांतून चार स्प्रिंगवाल्या दांड्यांवर लटकतो. एक जरी मऊ पडली तरी टब त्या कोपऱ्याकडे झुकतो. रिकामा असताना वरून बघा, चारी बाजूंनी अंतर सारखं आहे का. बदलायच्या तर चारही.

वाळवण
सापडलं! नवऱ्याने टेकू धरला, मी फरशीवर गाल टेकवून टॉर्च मारला. डावा शॉकअप जागच्या जागी, तिरका उभा. उजवा खालच्या पायाला अडकलेला, पण वरचं टोक मोकळं, हाताने ढकललं तर लोलकासारखा झुलला. प्लास्टिकची पिन अर्धी भोकातच राहिलेली, अर्धी खाली धुळीत, एका हरवलेल्या पायमोज्याशेजारी. (तो इथे कसा आला देव जाणे.) टाकीला एका बाजूला घासून काळा पट्टाही पडलाय.

फक्त पिन बदलू का?

खिळेमोळे
पिन नवीन घ्याच, पण उजवा शॉकअप सोडवून दांडा हाताने ओढून बघा. अडखळत, जोर लावून यायला हवा. सुळकन आला तर आतलं अस्तर झिजलंय. तसं असेल तर दोन्ही बदला, एक नवा एक जुना ठेवला की ड्रम पुन्हा वाकडा झुलतो. मागच्या चिठ्ठीवरचा मॉडेल नंबर बघूनच मागवा, ताकद वेगवेगळी असते. मागचे बोल्टही त्याच नंबरवर मिळतात, एक संच घेऊन ठेवा.

वाळवण
सुळकन आला. जोडी मागवली, काल बसवली, आमची आम्हीच. पिन आत जाताना टक् असा आवाज येईपर्यंत दाबावी लागली, त्यातच अर्धा तास गेला. रात्री चादरी लावून १२०० वर सोडलं. सुरुवातीला वेग घेताना जरा थरथरलं, मग घूं करून एका लयीत. वर पाण्याने भरलेला ग्लास ठेवला होता, नुसत्या बारीक लाटा. जागेवरून हललं नाही.

बोल्टांची पिशवी मशीनच्या मागच्या पत्र्याला चिकटपट्टीने चिकटवली आहे. मेकॅनिकचा सकाळी फोन येऊन गेला, ड्रम कधी उघडायचा म्हणून.