मदत हवी आहे: मंडळीच्या (चर्चच्या) कार्यक्रमात सगळ्यांनाच गायचंय!

सर्वांना सलाम. आम्ही जालन्याचे. 26 डिसेंबरला संध्याकाळी मंडळीत कलागुणांचा कार्यक्रम ठेवलाय. स्पर्धा नाही, नुसती मजा. नावं आली 31, त्यात 19 जणांना गाणंच म्हणायचंय! मागच्या वर्षी एका काकांनी पेटी पुढ्यात ओढली अन् सात कडवी होईस्तोवर सोडलीच नाही. लेकरं सतरंजीवरच झोपून गेली. औंदा प्रत्येकाला 4 मिनिटं दिलीत, पण वडीलधाऱ्यांना मधेच थांबवायचं कसं? घंटा वाजवली की रुसतात. महिला मंडळाचं भारूड मात्र झकास बसलंय. पाळकसाहेब म्हणतात, नकला करा, पण माझी नको. (तीच तर सगळ्यात भारी होते!) आजी-आजोबांना जमेल असं गाण्याशिवाय काही सुचवा. माईक एकच आहे, तोही कुरकुरतो.